गठाण बांधणें आणि गठाण सोडणें

परभणी, मानवत, सेलू हीं मराठवाड्यांतील कापसाच्या व्यापाराचीं जुनीं ठिकाणें. दिवाळी सरली कीं या गांवांच्या वाटेवर कापसानें शिगोशीग भरलेल्या गाड्यांची रांग लागते. गाडी भरलेली दिसते खरी. पण तींत माल थोडा आणि वारा फार. जिनिंगमध्यें सरकी वेगळी निघते आणि रुई वेगळी निघते. मग ही रुई प्रेसिंगच्या यंत्राखालीं दाबून, पट्ट्यांनीं आवळून तिची गठाण बांधतात. एका गठाणीचें वजन १७० किलो. एवढी रुई मोकळी सोडली तर तिचा माणसाच्या उंचीचा ढीग होतो. आवळली म्हणजे ती एका मोठ्या पेटीच्या जागेंत बसते. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग या भागांतून गेला, आणि डब्यांतील जागा मोजकी असल्यामुळें आवळून बांधण्याला येथें विशेष महत्त्व आलें. दूरच्या गिरणींत गठाण पोंचली, कीं पहिलें काम पट्ट्या तोडून रुई पुन्हां मोकळी करण्याचें. कारण आवळलेल्या रुईचें सूत निघत नाहीं.

संगणकाच्या जगांत हाच व्यवहार गेलीं चाळीस वर्षें घरोघर चालला आहे. आज कोणी ‘झिप’ फाईल पाठविली, तर ती उघडणाऱ्यास आपण एका गठाणीच्या पट्ट्या तोडीत आहों याची जाणीवहि नसते. परंतु ज्या काळीं हा व्यवहार रुळला, त्या काळीं त्याला श्रम पडत, पैसे पडत, आणि एखादी पायरी चुकली तर हातीं कांहींच लागत नसे. तो काळ संगणकी सूचनाफलकांचा.

सूचनाफलक म्हणजे काय, तें प्रथम सांगावयास हवें. अमेरिकेंतील शिकागो शहरीं १९७८ च्या जानेवारींत मोठें हिमवादळ झालें. घरांत अडकून पडलेल्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन व रँडी सूस या दोन मित्रांनीं त्या सवडींत एक योजना आंखली. घरांतील संगणक टेलिफोनच्या तारेला जोडून ठेवावा. ज्याला इच्छा होईल त्यानें आपल्या संगणकावरून त्या क्रमांकास फोन करावा, आपला निरोप तेथें लिहावा आणि दुसऱ्यांचे वाचावे. क्लबांत चिठ्ठ्या टोंचण्याचा जो फलक असतो, त्याचेंच हें यांत्रिक रूप. १६ फेब्रुवारी १९७८ रोजीं हा पहिला फलक चालूं झाला. त्या काळची टेलिफोनची तार आवाज नेण्यासाठीं घातलेली. म्हणून संगणकाचे अंक सुरांत आणि सूर पुन्हां अंकांत पालटणारें ‘मोडेम’ नांवाचें उपकरण दोन्ही टोकांस लागे. पुढें निरोपांच्या जोडीला फाईलीहि ठेवण्याची चाल पडली. खेळ, उपयुक्त आज्ञावल्या, लेख, चित्रें असा सगळा बाजार तेथें भरूं लागला. एका तारेवर एका वेळीं एकच पाहुणा. त्यामुळें फलकाचे चालक बहुधा प्रत्येकास दिवसाकाठीं ठराविक मिनिटेंच देत, आणि जो नुसतें घेऊन जाई, आणून कांहीं ठेवीत नसे, त्याचा हात आंखडीत.

भारतांत ही हौस थोडी उशिरा आली. १९८९ मध्यें बंगळूरला अतुल चिटणीस यांनीं ‘सीआयएक्स’ नांवाचा फलक सुरू केला. चिटणीसांचें अभियांत्रिकीचें शिक्षण बेळगांवीं झालेलें. मुक्त आज्ञावल्यांच्या प्रसारासाठीं त्यांचें नांव पुढें देशभर झालें, आणि २०१३ मध्यें ते वारले. मुंबईंत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’ हा फलक हौशी मंडळींत प्रसिद्ध होता. श्रोत्यांनीं त्या काळच्या परभणीच्या एखाद्या तरुणाची कल्पना करावी. मुंबईचा फलक गांठावयाचा, तर पांचशेंहून अधिक किलोमीटरांवर एसटीडीनें फोन लावणें भाग. दिवसा पूर्ण दर, रात्रीं अकरानंतर चौथाई. म्हणून ही विद्या गांवोगांवच्या तरुणांनीं शिकावयाची ती मध्यरात्रीं जागूनच.

या व्यवहाराचा हिशेब अगदीं सोपा आहे. त्या वेळच्या साध्या फ्लॉपीवर ३६० किलोबाइट, म्हणजे ३,६८,६४० रोमन अक्षरें मावत. शिकागोच्या पहिल्या फलकाच्या काळचा मोडेम सेकंदाला सुमारें तीस अक्षरें पोंचवी. त्या वेगानें एक फ्लॉपीभर मजकूर नेण्यास तीन तास पंचवीस मिनिटें लागलीं असतीं. १९९० च्या सुमारास सेकंदाला २४० अक्षरें नेणारे मोडेम प्रचारांत होते. तरी फ्लॉपीभर मजकुरास साडेपंचवीस मिनिटें हवींतच. तोच मजकूर आवळून निम्मा केला, तर पावणेतेरा मिनिटांत काम उरके. अर्धा वेळ म्हणजे टेलिफोनचें अर्धें देणें, आणि मध्येंच तार तुटण्याची अर्धी धास्ती. शिवाय एकेका आज्ञावलीच्या पोटांत दहापंधरा फाईली असत. त्यांतील एक मागें राहिली कीं बाकीच्या व्यर्थ. गठाणींत त्या सर्व एकत्र बांधलेल्या राहत, हा दुसरा लाभ पहिल्याहून लहान नव्हे.

आतां प्रश्न असा, कीं कापसांत वारा असतो, तो दाबून काढतां येतो. लिखाणांत दाबून काढण्यासारखें काय असतें? लिखाणांत पुनरुक्ति असते. आरत्यांचें कोणतेंहि छापील पुस्तक उघडून पाहावें. ध्रुपद एकदां पूर्ण छापलेलें असतें. पुढें प्रत्येक कडव्याच्या शेवटीं ‘॥ध्रु॥’ एवढी खूण. गाणारा त्या खुणेपाशीं आला कीं मागें जाऊन ध्रुपद उचलतो, पूर्ण म्हणतो, आणि पुढच्या कडव्यास लागतो. ऐकणाऱ्यास कागदावर कांहीं गाळलें आहे असा संशयहि येत नाहीं. जुन्या सरकारी कागदांतील ‘सदर’ आणि ‘मजकूर’ हे शब्द याच जातीचे. ‘मौजे मजकूर’ असें लिहिलें कीं गांवाचें नांव मागें जेथें आलें असेल तेथून घ्यावयाचें. कारकुनाची शाई वांचे, आणि अर्थ रतिभरहि कमी होत नसे.

हायफा येथील तंत्रविद्यालयांतील जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल या दोन पंडितांनीं १९७७ मध्यें हीच युक्ति गणिताच्या शिस्तींत बसविली. तिचा नमुना परभणी जिल्ह्यांतील गांवांच्या यादीवर पाहतां येईल. यादी अशी: ‘जिंतूर, जिल्हा परभणी, सेलू, जिल्हा परभणी, पाथरी, जिल्हा परभणी, ’ आणि याप्रमाणें पुढें. प्रत्येक अक्षर, प्रत्येक विरामचिन्ह आणि प्रत्येक कोरी जागा यांस एकेक घर दिलें, तर जिंतूरच्या पुढील स्वल्पविरामापासून परभणीच्या पुढील स्वल्पविरामानंतरच्या कोऱ्या जागेपर्यंत अकरा घरें भरतात. यंत्र पहिली वेळ तीं सर्व लिहितें. मग ‘सेलू’ हीं दोन अक्षरें लिहून झालीं, कीं पुढें एवढेंच टिपतें: तेरा घरें मागें जा, तेथून अकरा घरें उचल. ‘पाथरी’नंतर चौदा मागें, अकरा उचल. गंगाखेड, पालम, पूर्णा, सोनपेठ, मानवत आणि स्वतः परभणी मिळून नऊ तालुके होतात. ‘जिल्हा परभणी’ नऊ वेळां येतें, पण लिहावें लागतें एकदांच. सोडणारें यंत्र या सूचना वाचीत जातें आणि मागचें उचलून पुढें मांडीत जातें. त्याला कोश लागत नाहीं, शब्दार्थ लागत नाहीं. नुसतें मोजतां आलें म्हणजे पुरे. प्रत्यक्षांत यंत्र अक्षरें न मोजतां बाइट मोजतें, एवढाच या उदाहरणांतील फरक.

दुसरी युक्ति याहून जुनी. जें वारंवार येतें त्याला आंखूड खूण द्यावी, जें क्वचित् येतें त्याला लांब. मोर्सच्या तारलिपींत इंग्रजी ‘ई’ या अक्षरास एकच ठिपका आहे, तो याच हिशेबानें. १९५१ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत रॉबर्ट फानो या अध्यापकांनीं विद्यार्थ्यांना परीक्षा द्या किंवा निबंध लिहा, असा पर्याय दिला. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्यानें निबंध पत्करला, आणि अशा खुणांची सर्वांत काटकसरीची मांडणी कोणती, हें खुद्द गुरूंना न सुटलेलें कोडें सोडवून दाखविलें. त्याचा लेख १९५२ मध्यें प्रसिद्ध झाला. झिप फाईलींत आज जी रीति सर्रास चालते, तींत आधीं ‘मागें जा, उचल’ ही युक्ति लावतात, आणि उरलेल्यावर हफमनच्या आंखूड-लांब खुणा.

येथें एक भेद मनांत ठेवणें अवश्य आहे. जिनिंगमध्यें सरकी निघून जाते, ती पुन्हां रुईंत येत नाहीं. प्रेसिंगमध्यें मात्र रुईचा तंतुहि कमी होत नाहीं. छायाचित्रें लहान करण्याची जी सर्वत्र चालणारी पद्धति आहे, ती जिनिंगसारखी: डोळ्याला जें जाणवणार नाहीं तें ती काढून टाकते, आणि काढलेलें परत येत नाहीं. झिपची रीति प्रेसिंगसारखी. हिशेबाच्या वहींतील एक शून्य हरवून चालत नाहीं, तसा आज्ञावलींतील एक अंकहि हरवून चालत नाहीं. म्हणून जसें बांधलें तसेंच्या तसें सुटलें पाहिजे. आणि एकदां आवळलेली फाईल दुसऱ्यानें आवळूं म्हटलें, तर लाभ होत नाहीं. पुनरुक्ति आधींच निघून गेलेली असते, वर पट्ट्यांचें वजन तेवढें वाढतें. पुष्कळ नवशिके हा प्रयोग करून पाहत, आणि फाईल रेसभर मोठी झालेली पाहून चकित होत.

आवळणें आणि लपविणें या दोन गोष्टींचीहि गल्लत होऊं नये. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळा लिपींत लिहिले ते परक्यास वाचतां येऊं नयेत म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभीं विद्वानांस तिची किल्ली मिळेपर्यंत मराठीचें केवढें तरी धन बंद राहिलें. गठाणीचा हेतु तसा नसतो. तिला कुलूप घालतां येतें, पण तें वरून घातलेलें. परंतु कुलूप नसलें तरी सोडण्याची रीति ठाऊक नसेल, तर परिणाम एकच होतो. तारखात्याकडे ठराविक शुभेच्छांची क्रमवार यादी असे. लग्नाच्या तारेंत नुसता क्रमांक लिहिला तरी वधूवरांच्या हातीं पूर्ण वाक्य पडे. कारण ती यादी दोन्ही टोकांच्या कचेऱ्यांत होती. एका टोकाची यादी हरवली असती, तर पलीकडच्या मंडपांत नुसता एक आंकडा जाऊन पोंचला असता. १४ जुलै २०१३ रोजीं तारसेवा बंद झाली. ज्याच्याकडे त्या काळची यादी नाहीं, त्याला तो क्रमांक आज मुका आहे.

सूचनाफलकांवर ही अडचण लवकरच उभी राहिली, कारण गठाण बांधणारे कारखाने अनेक झाले. १९८५ मध्यें थॉम हेन्डरसन यांच्या संस्थेनें ‘आर्क’ ही आज्ञावली काढली, आणि फाईलीच्या नांवाला ‘एआरसी’ हें तीन अक्षरांचें शेपूट सर्वत्र दिसूं लागलें. मिलवॉकीच्या फिल कॅट्झ या तरुणानें त्याच जातीच्या गठाणी फार जलद बांधणारी व सोडणारी आज्ञावली लिहून विकावयास काढली. १९८८ मध्यें हेन्डरसनच्या संस्थेनें त्याच्यावर फिर्याद केली. फलकांवरील लोकमत कॅट्झच्या बाजूचें होतें: एक एकटा तरुण, आणि त्याच्यावर दावा लावणारी संस्था, असें चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. तें पूर्णपणें न्याय्य होतें असें म्हणवत नाहीं. तज्ज्ञानें दोन्ही आज्ञावल्या ताडून पाहिल्या, तेव्हां मूळच्या टिपणांतील शुद्धलेखनाच्या चुकादेखील दुसरींत उतरलेल्या आढळल्या. तडजोड झाली, कॅट्झला पैसे भरावे लागले आणि ‘आर्क’चा मार्ग सोडावा लागला.

पुढें त्यानें जें केलें, त्यामुळें मात्र त्याचें नांव राहिलें. १९८९ मध्यें त्यानें ‘पीकेझिप’ ही नवी आज्ञावली काढली, आणि तिच्याबरोबर झिप गठाणीची रचना कशी आहे, कोणता अंक कोठें पडतो, हें सांगणारें टिपण सर्वांस मोकळें करून दिलें. कोणींहि तें वाचावें, कोणींहि त्याबरहुकूम गठाण बांधावी व सोडावी, असा त्याचा अर्थ. फलकचालकांनीं आपल्या जुन्या गठाणी सोडून झिपमध्यें पुन्हां बांधल्या. ‘इन्फो-झिप’ नांवाच्या स्वयंसेवकांच्या मंडळानें त्या टिपणाच्या आधारें नाना जातींच्या संगणकांसाठीं विनामूल्य आज्ञावल्या लिहिल्या. स्पर्धक होतेच: जपानांत हारुयासु योशिझाकी या वैद्याची ‘एलएचए’, अमेरिकेंत रॉबर्ट जंग यांची ‘एआरजे’, १९९३ पासून रशियांतील रोशाल यांची ‘रार’. गुणांत त्या उण्या नव्हत्या, एकदोन बाबतींत सरसच होत्या. पण रचना उघडी असल्यामुळें झिप सोडणारा मनुष्य एका दुकानाचा मिंधा राहिला नाहीं, आणि हें तिचें बळ शेवटीं वेगाहून आणि आवळण्याहून अधिक ठरलें. कॅट्झ २००० सालीं अवघ्या ३७ व्या वर्षीं वारला.

गठाण उतरवून घेतली म्हणजे पुढचें काम कसें चाले, तें आतां पाहावें. प्रथम शेपूट पाहावयाचें. तीन अक्षरांवरून कारखाना कळे, आणि त्या कारखान्याचीच सोडणारी आज्ञावली हाताशीं हवी. ती नसेल तर तीहि फलकावरूनच उतरवावी लागे. आतां सोडणारी आज्ञावलीच गठाणींत बांधून ठेवली, तर सोडावी कशानें? म्हणून ती आपली आपण सुटणारी अशी बांधीत. यांत धोकाहि होता, कारण अशी गठाण म्हणजे स्वतः चालणारी आज्ञावलीच; तिच्या पोटांत काय आहे तें चालविल्यावरच कळे. १९९५ मध्यें पीकेझिपची नवी आवृत्ति म्हणून एक बनावट फाईल फलकांवर फिरूं लागली, तिनें उत्साही मंडळींच्या डिस्क पुसून काढल्या.

तार मध्येंच तुटून फाईल अर्धवट आली, तर ती ‘झिप नव्हेच’ असें आज्ञावली सांगे, आणि नवखा मनुष्य गोंधळून जाई. कारण असें, कीं झिप गठाणीची अनुक्रमणिका शेवटीं असते. पुस्तकाचीं शेवटचीं पानें फाटून गेलीं म्हणजे आंत काय आहे याची यादीच नाहींशी होते. मात्र प्रत्येक फाईलीच्या आरंभीं तिची छोटी चिठ्ठीहि लावलेली असते. त्या चिठ्ठ्या जमवून नवी अनुक्रमणिका करणारी दुरुस्तीची आज्ञावली कॅट्झनें दिली होती, आणि आलेल्या भागांतील फाईली तिनें वांचत. मोठी गठाण चारपांच फ्लॉप्यांवर विभागलेली असली, कीं यंत्र आधीं शेवटची फ्लॉपी मागे. तेंहि याच अनुक्रमणिकेपायीं.

सुटलेला माल खरा कीं बिघडलेला, याची परीक्षा ताळ्यानें होते. गुणाकाराचा ताळा शाळेंत सर्वांनीं पाहिलेला आहे. बांधणारें यंत्र प्रत्येक फाईलीचा एक ताळा काढून चिठ्ठीवर लिहितें. सोडणारें यंत्र सोडल्यावर पुन्हां काढतें, आणि दोन्ही जुळले तरच माल ठीक म्हणतें. हा ताळा ३२ बिटांचा, म्हणजे त्याच्या शक्य किंमती ४२९ कोटींहून अधिक. बिघडलेल्या मालाचा ताळा योगायोगानें जुळावा, असा संभव जवळजवळ नाहींच.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वसाधारण लोकांस खुलें केलें, आणि हळूहळू फलक ओस पडले. गठाणी मात्र राहिल्या, आणि त्यांतील मराठी गठाणींची कथा निराळी आहे. झिप सुटते, ताळा जुळतो, फाईल उघडते; आणि पडद्यावर येतात तीं निरर्थक रोमन अक्षरें व चिन्हें. याचें कारण असें: भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ या संकेतास १९९१ मध्यें राष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली, तरी छपाईच्या धंद्यांत तो सर्वत्र रुजला नाहीं. प्रत्येक फॉण्ट विकणाऱ्यानें रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे काने, मात्रा व अर्धीं अक्षरें आपल्या मर्जीनें बसविलीं. ज्या फॉण्टांत मजकूर जुळविला, तोच फॉण्ट असेल तर मराठी. नसेल तर तें कोडें. त्या दशकांत जुळविलेलीं पुस्तकें, संस्थांचीं स्मरणिका-टिपणें, घराण्यांच्या वंशावळी अशा स्थितींत आज कपाटांतील फ्लॉप्यांवर पडून आहेत. लपविण्याचा हेतु कोणाचाच नव्हता. यादी दुसऱ्या टोकाला ठेवावयाची राहून गेली, एवढेंच.

परभणी जिल्ह्याला हा अनुभव नवा नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, आणि जुने महसुली कागद उर्दूंत किंवा मोडींत आहेत. लेखणी न उचलतां झरझर लिहिण्यासाठीं आणि शब्दांचे संक्षेप करण्यासाठीं मोडी प्रसिद्ध. ती शाळांतून गेली, आणि दोनतीन पिढ्यांत वाचणारे उरले नाहींत. २०२३ मध्यें कुणबी नोंदी शोधण्याकरितां निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि मराठवाड्यांतील दप्तरें उघडलीं, तेव्हां हजारों कुटुंबांच्या हक्काचा प्रश्न मोडी व उर्दू वाचणाऱ्या थोड्या माणसांवर येऊन थांबला. कागद होते, शाई शाबूत होती. जाणते तेवढे मोजके होते.

नव्या मराठी लिखाणाची ती अडचण आतां सुटली आहे. युनिकोडमध्यें प्रत्येक देवनागरी चिन्हाचा क्रमांक जगभर एकच. त्याची किंमत जागेच्या रूपानें द्यावी लागते: ‘परभणी’ या शब्दांत वेलांटी धरून पांच चिन्हें; इस्कींत त्यांना पांच बाइट लागत, युनिकोडच्या प्रचलित मांडणींत पंधरा लागतात. पण या पंधरांतील पहिला, चौथा, सातवा, दहावा व तेरावा हे बाइट एकच असतात, आणि अशी पुनरुक्ति म्हणजे आवळणाऱ्या यंत्राला पर्वणीच. त्यामुळें वाढलेल्या जागेचा पुष्कळसा भाग गठाणींत परत मिळतो.

कपाटांतील जुन्या फ्लॉप्या ज्यांच्याकडे असतील, त्यांनीं एक क्रम पाळावा. आधीं फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल करून घ्यावी. चुंबकीय थर वर्षांगणिक क्षीण होतो आणि एकच वाचन शेवटचें ठरूं शकतें. मग नकलेवर काम करावें. ‘सेव्हन-झिप’ ही विनामूल्य आज्ञावली झिप, एआरजे व एलएचएच्या गठाणी सोडते. जुन्या आर्कला ती उपयोगी नाहीं, त्यासाठीं ‘द अनआर्काइव्हर’ आहे. मराठी मजकूर निघाला तर त्याच्याजवळ फॉण्टचीहि फाईल आहे का तें पाहावें, आणि असेल तर ती मजकुराबरोबरच जपावी. तिच्यावरून युनिकोडमध्यें रूपांतर करतां येतें. शेवटीं मूळ गठाणहि फेंकूं नये.

ज्यांच्याकडे जुनें कांहींच नाहीं, त्यांनाहि गठाण पाहण्यास दूर जावयास नको. २००७ पासून ‘वर्ड’मध्यें लिहिलेली ‘डॉक्स’ शेपटाची प्रत्येक फाईल ही आंतून झिप गठाणच असते, आणि ‘ईपब’ जातीचीं पुस्तकेंहि तशींच. घरांतील अशा एखाद्या फाईलीची नक्कल करावी, शेपूट पालटून ‘झिप’ लावावें, आणि उघडावी: मजकूर एका ठिकाणीं, चित्रें दुसऱ्या ठिकाणीं, आंखणी तिसऱ्या ठिकाणीं अशा फाईली ओळीनें मांडलेल्या दिसतात. अंक जसेच्या तसे दाखविणाऱ्या आज्ञावलीनें तिचा आरंभ पाहिला, तर पहिलीं दोन रोमन अक्षरें फिल कॅट्झच्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत: पी आणि के.